उंदराच्या पंजावरून लिहिलेला वेदनेचा इतिहास (थ्रेड)

१/
२००४ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेत असे उंदीर जन्माला घालण्यात आले, ज्यांच्यात एक विशिष्ट जनुक मुळातच नव्हते. ती पिल्ले जन्मानंतर थोड्याच वेळात दगावली. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांत तेच जनुक निकामी झालेली मुले आढळली. ती जगत होती, खेळत होती, वाढत होती. फक्त वेदना म्हणजे काय, हे त्यांना जन्मापासून ठाऊक नव्हते. जनुक एकच, ते ज्या पेशींत काम करते त्या पेशीही त्याच. तरी एकीकडे मृत्यू आणि दुसरीकडे आयुष्य. हे कोडे सुटायला आणखी आठ वर्षे लागली. ते समजून घेण्यासाठी आधी शंभर वर्षे मागे जावे लागते.

२/
या पेशी म्हणजे संवेदी चेतापेशी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मणक्यांलगत लहान लहान गाठी असतात. त्यांना गुच्छिका म्हणतात. माणसात मेरुरज्जूतून निघणाऱ्या चेतांच्या ३१ जोड्या असतात आणि त्यांच्या मुळाशी या गाठी असतात. स्पर्श, उष्णता, थंडी, खाज, वेदना यांची पहिली वार्ता नेणाऱ्या पेशी तिथे राहतात. प्रत्येक पेशीची एक शाखा त्वचेपर्यंत किंवा आतल्या अवयवापर्यंत जाते, दुसरी मेरुरज्जूत शिरते. माणसाच्या पायाच्या अंगठ्यापासून कमरेपर्यंत जाणारी अशी शाखा जवळपास एक मीटर भरते. उंदरात तेच अंतर काही सेंटिमीटरचे. वेदनेचे सर्वांत मंद तंतू सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने संदेश नेतात. म्हणून ठेच लागल्यावर माणसाला आधी चटका जाणवतो आणि मग क्षणभराने ठणका. उंदराला एवढी वाट पाहावी लागत नाही.

३/
इतिहासाच्या अभ्यासात साधन हाती आले की पहिले प्रश्न ठरलेले असतात. हे कोणी लिहिले? कशासाठी लिहिले? यात काय दिसते आणि काय दिसूच शकत नाही? बखर आणि समकालीन पत्र यांना एकाच तराजूत कोणी तोलत नाही. पण वेदनेच्या विज्ञानात गेली चार-पाच दशके उंदीर हे साधन जवळजवळ अशी छाननी न होताच वापरले गेले. उंदराने खोटी साक्ष दिली, असे म्हणता येत नाही. त्याला जे विचारले गेले, त्याचेच उत्तर त्याने दिले. उत्तराचा अर्थ लावणाऱ्यांनी मात्र साधन-चिकित्सा वेळेवर केली नाही, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

४/
आरंभी उंदीर या कथेत फारसा नव्हताच. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६च्या आपल्या ग्रंथात इजेची वार्ता देणाऱ्या चेतांची संकल्पना मांडली, ती मुख्यतः कुत्रे, मांजरे आणि माकडे यांच्यावरील कामातून. १९२६ साली केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि इंग्वे झोटरमन यांनी एकाच संवेदी तंतूतील विद्युत्स्पंद प्रथम नोंदवले, ते बेडकाच्या स्नायूतून. फक्त इजेलाच प्रतिसाद देणारे तंतू एडवर्ड पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ आणि १९६९ साली दाखवून दिले, तेही मांजरात. म्हणजे वेदनेच्या पेशीचा मूळ शोध उंदरावाचून लागला. पुढे उंदीर केंद्रस्थानी आला, ते अपरिहार्य म्हणून नव्हे.

५/
साठच्या दशकात तुलनेची एक फार प्रामाणिक पद्धत उभी राहत होती. स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल-एरिक हागबार्ट आणि ओके वालबो यांनी अतिसूक्ष्म सुईचे विद्युदग्र माणसाच्या जागत्या चेतेत घालून संदेश ऐकण्याची रीत विकसित केली. पहिले प्रयोग त्यांनी स्वतःच्या हातांवर केले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात व्हर्नन माउंटकॅसल यांच्या गटाने १९६८ साली माकडाच्या हातातील चेतातंतूंचे प्रतिसाद आणि माणसाला बोटाखाली जाणवणारे कंपन यांची बाजूबाजूला मांडणी केली. दोन्ही आलेख विलक्षण जुळले. माणूस आणि माकड हे दोघेही नरवानर गणातले. दोघांच्या बोटांच्या टोकांवर रेषा, दोघांचीही पकड बारीक. जुळणी झाली, ती हात सारखा होता म्हणून.

६/
त्याच विद्यापीठात दोन वर्षांनी, १९७० साली, थॉमस वुल्सी आणि हेंड्रिक व्हान डर लोस यांनी उंदराच्या मेंदूचे पातळ काप पाहिले. तिथे पिंपांच्या आकाराच्या पेशींच्या रांगा होत्या, आणि ती मांडणी उंदराच्या थोबाडावरील मिशांच्या रांगांशी तंतोतंत जुळत होती. एक मिशी, एक पिंप. उंदीर जग चाचपतो ते मिशांनी. माणूस चाचपतो ते बोटांनी. कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांची संवेदना त्यांच्या अंधाऱ्या, बिळातल्या जगण्याला धरून घडली आहे, हा धडा १९७० सालीच समोर होता. स्पर्शाच्या अभ्यासकांनी तो घेतला. वेदनेच्या अभ्यासात तो पुरता रुजला नाही.

७/
मग उंदीर आला कुठून? फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६पासून प्रयोगासाठी प्रमाणित मोठे पांढरे उंदीर वाढवले जाऊ लागले. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ साली लहान उंदरांचा एक काळा वाण जवळच्या नात्यातील संकरातून तयार केला आणि १९२९ साली अमेरिकेच्या मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. लिटल यांना रस होता आनुवंशिकतेत आणि कर्करोगात. वेदनेचा त्यात संबंध नव्हता. पुढे जगभर वेदनेच्या प्रयोगांत वापरला गेलेला प्राणी मुळात दुसऱ्याच प्रश्नासाठी घडवलेला होता. एखाद्या जमाखर्चाच्या वहीवरून राजाचा स्वभाव ठरवावा, तसा हा प्रकार. वही खोटी नसते. पण ती त्यासाठी लिहिलेली नसते.

८/
माकड का मागे पडले, याचा एक धागा थेट दिल्लीपर्यंत येतो. उत्तर भारतात देवळांपासून रेल्वे स्थानकांपर्यंत दिसणारे लाल तोंडाचे ऱ्हीसस माकड पोलिओ लसीच्या काळात हजारोंच्या संख्येने परदेशी प्रयोगशाळांत जात होते. अमेरिकेत या माकडांवर लष्करी हेतूने किरणोत्साराचे प्रयोग होत असल्याचे उघड झाले, आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारने एप्रिल १९७८पासून निर्यात बंद केली. तो निर्णय योग्यच होता. त्या आधीही माकड स्वस्त नव्हते. आता ते दुर्मीळ झाले. अर्थात सारे श्रेय किंवा दोष एका बंदीला देणे अतिसुलभीकरण ठरेल. माकडाची वाढ संथ, पोसण्याचा खर्च मोठा आणि नैतिक आक्षेप रास्त. उंदराच्या बाबतीत हे तिन्ही अडथळे कमी होते.

९/
अखेरचा कौल जनुकशास्त्राने दिला. १९८९ साली हवे ते जनुक काढून टाकलेला पहिला उंदीर जन्माला आला. या तंत्राला २००७चे नोबेल मिळाले. २००२ साली उंदराच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तोही लिटल यांच्याच काळ्या वाणाचा. आता कोणत्याही रेणूवर प्रश्न विचारायचा तर उत्तर उंदरातच मिळणार होते. साधन इतके सोयीचे झाले की प्रश्नच त्याच्या मापाने बेतले जाऊ लागले. अभिलेखागारात जी कागदपत्रे टिकली त्यांवरूनच इतिहास लिहिला जातो आणि ज्यांची कागदपत्रे नाहीत ते लोक इतिहासातून गळतात. तसेच काहीसे इथे घडले.

१०/
उंदराचे यशही निःसंकोच मान्य केले पाहिजे. मिरचीतील तिखट द्रव्य वेदनेच्या चेतांना आधी भडकवते आणि मग बधिर करते, हे हंगेरीत मिक्लोश यांचो यांनी १९४०च्या दशकात पाहिले होते. ते द्रव्य ज्या रेणूवर काम करते तो ग्राही १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने कृंतकांच्या गुच्छिकांतील जनुकांतून शोधला. हाच ग्राही दाहक उष्णताही ओळखतो. माणसातही तेच घडते. २०२१चे नोबेल पारितोषिक ज्युलियस आणि अर्डेम पातापुतियन यांना मिळाले, ते या परंपरेला. उंदीर आणि माणूस यांचे पूर्वज साडेसात ते नऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही पुष्कळसा वारसा दोघांनी जपला आहे.

११/
अडचण सुरू होते ती ‘पुष्कळसा’ याचा अर्थ ‘सगळा’ असा घेतला की. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सबस्टन्स पी. हे द्रव्य उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी १९३१ साली घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात शोधले. पुढे ते वेदनेच्या लहान चेतापेशींत सापडले आणि इजा झाली की मेरुरज्जूत सोडले जाते, हेही दिसले. तर्क सरळ होता: हा जर वेदनेचा निरोप्या असेल, तर त्याचा ग्राही बंद केला की वेदना थांबेल. १९९१ साली तो ग्राही अडवणारा पहिला लहान रेणू आला. प्राण्यांवरचे निष्कर्ष आशादायक होते. अनेक बड्या औषध कंपन्या या शर्यतीत उतरल्या.

१२/
संशोधक भाबडे होते, असे मात्र नाही. उंदराच्या ग्राहीची घडण माणसापेक्षा थोडी निराळी आहे आणि ही औषधे त्याला नीट चिकटत नाहीत, हे त्यांना कळले होते. म्हणून त्यांनी ज्यांचा ग्राही माणसाच्या जवळचा आहे असे गिनीपिग आणि जर्बिल हे कृंतक वापरले. रेणूची छाननी झाली. पण त्या रेणूला वेदनेच्या एकूण व्यवहारात दोन्हीकडे सारखेच महत्त्व आहे काय, ही छाननी राहून गेली. शब्द तोच असला तरी दोन भाषांत त्याचे वजन वेगळे असू शकते. माणसांवरील चाचण्यांत, मग ती अर्धशिशी असो, संधिवात असो वा चेतांच्या इजेची वेदना, ही औषधे बहुतेक ठिकाणी निष्प्रभ ठरली.

१३/
या कथेचा शेवट मोठा चमत्कारिक आहे. त्याच घराण्यातील अप्रेपिटंट हे औषध २००३ साली अमेरिकेत मान्य झाले, पण वेदनेवर नव्हे. कर्करोगाच्या औषधोपचारातील उलट्या थांबवण्यासाठी. उंदरांना उलटी करताच येत नाही. म्हणून त्या गुणाची परीक्षा फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर झाली होती. ज्या विषयात कृंतकांची साक्ष ग्राह्य धरली तिथे औषध फसले. ज्या विषयात उंदीर बोलूच शकत नव्हता, तिथे दुसरा साक्षीदार शोधावा लागला आणि औषध लागू पडले. साक्षीदार कोणत्या प्रश्नासाठी पात्र आहे, हे आधी ठरवावे लागते, याचा याहून स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल.

१४/
दुसरी चूक मोजमापाची. उंदराला ‘दुखते का’ असे विचारता येत नाही. म्हणून १९४१पासून उष्णतेला त्याची शेपटी किती वेळात हलते, हे मोजले जाऊ लागले. पुढे पंजाला बारीक तंतू टोचून तो पंजा कधी मागे घेतो, हे मोजले गेले. पंजा झटकन मागे घेणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिच्यासाठी मेंदूचीही फारशी गरज नसते. दवाखान्यात मात्र रुग्णाला शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर स्वतःची वेदना सांगायची असते. त्यात न लागलेली झोप असते, बुडालेला रोजगार असतो, उद्याची धास्ती असते. एका बाजूला पंजाची हालचाल आणि दुसऱ्या बाजूला माणसाचे निवेदन, आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह. ही तुलना कमकुवत होती, हे सांगायला चेताशास्त्रज्ञच हवा असे नाही.

१५/
पेशींची प्रत्यक्ष तुलना फार उशिरा झाली. १९९०च्या दशकात उंदरांवरून एक सुटसुटीत चित्र तयार झाले होते: वेदनेच्या पेशी दोन जातींच्या, एकीत सबस्टन्स पीसारखी पेप्टाइडे असतात, दुसरीत नसतात. २०१५ साली स्वीडनमधील संशोधकांनी उंदराच्या ६२२ पेशी एकेक करून वाचल्या आणि त्यांचे ११ प्रकार केले. २०२० साली अमेरिकेत टेक्सासमधील गटाने उंदीर आणि अवयवदाते माणसे यांच्या गुच्छिका समोरासमोर ठेवल्या. माणसात ते दोन जातींचे चित्र विरघळून गेले; दोन्हींची लक्षणे एकाच पेशीत एकत्र नांदत होती. मिरचीचा तो ग्राही उंदराच्या साधारण एक-तृतीयांश पेशींत, तर माणसाच्या सुमारे तीन-चतुर्थांश पेशींत दिसला.

१६/
२०२१ साली ऱ्हीसस माकडाच्या आणि २०२२ साली माणसाच्या पेशींचे सविस्तर नकाशे प्रसिद्ध झाले. तिन्ही प्राण्यांत कुळे ओळखू येतात. स्पर्शाच्या पेशी, थंडीच्या पेशी, खाजेच्या आणि वेदनेच्या पेशी. पण घरांतील सामान बदललेले आहे: कोणता रेणू कोणत्या पेशीत, किती प्रमाणात, कोणाच्या सोबतीने, यात फरक आहेत. औषध रेणूवर काम करते, कुळाच्या नावावर नाही. त्यामुळे उंदरात मोजक्याच पेशींना गाठणारे औषध माणसात तिप्पट-चौपट पेशींना गाठू शकते, किंवा गाठणारच नाही. एवढी मूलभूत माहिती हाती येण्याआधीच अनेक औषधे माणसांना दिली गेली होती, हे विसरता कामा नये.

१७/
आता आरंभीचे कोडे. ते जनुक सोडियमचे कण पेशीत घेणारे एक दार घडवते. ते नसले की वेदनेची वार्ता निघतच नाही. मग पिल्ले का मेली? २०१४ साली दुसऱ्या एका गटाने अशाच पिल्लांना हाताने दूध पाजून वाढवले, आणि ती जगली. मोठी झाल्यावर त्यांनाही त्या मुलांप्रमाणेच वेदना जाणवत नव्हती. तेच जनुक वासाच्या चेतापेशींतही लागते. उंदराचे आंधळे पिल्लू आईचे स्तन वासाने शोधते. वास गेला की दूध गेले. माणसाच्या बाळाला आई उचलून छातीशी धरते. त्या पाकिस्तानी मुलांसारख्या माणसांना वासही येत नाही, हे २०११ साली सिद्ध झाले होते. फरक पेशीत नव्हता. फरक आई बाळाला कशी पाजते, यात होता.

१८/
म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. सबस्टन्स पीच्या बाबतीत साम्य गृहीत धरले आणि भेद निघाला. या जनुकाच्या बाबतीत भेद दिसला आणि खाली साम्य निघाले. म्हणून ‘उंदीर माणसासारखा आहे’ हे विधान जितके पोकळ, तितकेच ‘उंदीर निरुपयोगी आहे’ हेही. साम्य किंवा भेद ही त्या प्राण्याची अंगभूत खूण नव्हे. ते प्रत्येक प्रश्नागणिक नव्याने सिद्ध करावे लागते. या शिस्तीला इतिहासात साधन-चिकित्सा म्हणतात. जीवशास्त्रात तिला कोणतेही नाव द्यावे. ती टाळता येत नाही.

१९/
यावर एक आक्षेप येतो: मग पुन्हा माकडाकडेच का जाऊ नये? ते माणसाच्या जवळचे आहे, हे खरे. पण जवळचा साक्षीदार म्हणजे अचूक साक्षीदार नव्हे. आणि जो प्राणी आपल्याइतकाच भोगतो, त्याला त्याच कारणासाठी वेदना देणे हे नैतिकदृष्ट्या सर्वांत अवघड. दुसरा आक्षेप असा की आता माणसाच्याच पेशी मिळतात, तर प्राणी हवाच कशाला? दात्याच्या गुच्छिकेत मृत्यूच्या क्षणीचे चित्र असते. ते अस्सल पत्र खरे, पण एकाच तारखेचे. ती पेशी जिवंतपणी, ठेच लागताना काय करते, हे त्यातून पूर्ण उलगडत नाही. एका साधनाची भक्ती सोडून दुसऱ्याची धरणे म्हणजे चिकित्सा नव्हे.

२०/
योग्य मार्ग कसा दिसतो, याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. वेदनेच्या चेतापेशींतील सोडियमचे आणखी एक दार १९९६ साली मोठ्या उंदराच्या गुच्छिकांत सापडले. ते माणसातही त्याच पेशींत आहे, हे पडताळले गेले. माणसाचेच दार लक्ष्य धरून रेणू घडवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेत तीव्र वेदनेसाठी मान्य झाले. दीर्घकालीन वेदनेवर ते किती उपयोगी पडेल, हा प्रश्न अजून खुला आहे. पण अफूच्या वंशात नसलेले, नव्या तत्त्वावरचे औषध येण्यास सुमारे तीस वर्षे लागली. उंदराने दिशा दाखवली. वाट मात्र माणसाच्या पेशीत तपासून काढावी लागली.

२१/
अफूजन्य औषधांच्या व्यसनाने अमेरिकेत लाखो बळी घेतले. वेदनेला दुसरे औषध नसण्याचा अर्थ तिथे घराघरात कळला आहे. दुसरीकडे, चुकीच्या प्रश्नांसाठी खर्ची पडलेल्या असंख्य प्राण्यांचाही हिशेब आहे. म्हणून ‘वेदनेची नवी पेशी सापडली’ अशी बातमी पुढे येईल, तेव्हा ती वाचणाऱ्या प्रत्येकाने एक साधा प्रश्न विचारावा: कोणाची? उंदराची, माकडाची की माणसाची? जिथे तो शब्द मथळ्यात नाही, तिथे बातमी अपुरी आहे. इतिहासाचा विद्यार्थी कागद हाती घेतो तेव्हा मजकुराआधी खाली सही कोणाची आहे, हे पाहतो. वेदनेच्या पेशीखालीही एक सही असते.

(थ्रेड समाप्त)